भाऊचे कान आणि कॉन्टेसाचं इंजिन

कॉन्टेसा दिसायला पैलवान आणि चालायला आजारी, हे तिच्यावर जीव टाकणारेसुद्धा मान्य करतात. लांबलचक नाक, समोर दिव्यांची जोडी दोन्हीकडे, मागे डिकी एवढी रुंद की आत बसून पत्ते खेळावेत. आतलं इंजिन मात्र एवढंसं. चढ लागला की गाडी धापा टाकायची आणि मागून आलेली एसटी हॉर्न वाजवत पुढे निघून जायची.

चंद्रपूरजवळच्या मूल गावात माझं वर्कशॉप आहे आणि त्याच्या भिंतीला लागून एक राईस मिल. मिलवाल्या शेठच्या वडिलांनी अशी एक कॉन्टेसा हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर गाडी मिलच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टपावर कोंड्याचा थर चढला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेठ ती विकायला तयार नव्हते आणि चालवायलाही नाही. मग एका हिवाळ्यात त्यांनी मोबाईलवर परदेशातले लोक जुन्या गाड्यांत नवी टर्बो इंजिनं बसवतात ते व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. त्या व्हिडिओतली फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ असते आणि इंजिन बसवणाऱ्याच्या नखात काळं नसतं. ते पाहून पाहून शेठच्या डोक्यात भरलं आणि एक दिवस मोबाईल हातात घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, आपल्या गाडीत टर्बो डिझेल बसवायचं.

मी नाही म्हटलं. माझा स्वभावच तसा आहे, आधी नाही म्हणतो आणि मग विचार करतो. भाऊ तेव्हा एका पिकअपखाली आडवा होऊन काम करत होता. तो बाहेर आला, हात पुसले, शेठच्या मोबाईलमध्ये डोकावून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "होते."

भाऊ माझा मोठा भाऊ, वयानं इतका मोठा की लहानपणी लोकांना तो माझा काका वाटायचा. आमच्याकडे मोठ्या भावाला तोंडावर 'तुमी' म्हणतात आणि पाठीमागे 'तो', तसंच इथे लिहितो. त्याची सगळी नोकरी भद्रावतीकडच्या एका कोळसा खाणीत गेली, डंपर दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. डंपरचं चाकच माणसापेक्षा उंच, त्यावरून इंजिन केवढं असेल ते समजून घ्यावं. असल्या इंजिनांच्या कुशीत उमर काढल्यावर कान शाबूत राहतील ही अपेक्षाच चूक. निवृत्त होऊन तो मूलला माझ्या वर्कशॉपमध्ये आला तेव्हा त्याचा डावा कान गेलेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडातून काढत नव्हतं. त्याचा फोन वहिनीच उचलायची. टीव्ही तो लावायचा तेव्हा शेजारच्यांना वेगळा टीव्ही लावायची गरज नसे. वहिनीनं नागपूरहून कानाचं मशीन आणवलं. भाऊनं ते एकदा लावलं, मी नेमका ग्राइंडर सुरू केला, आणि त्यानं ते कानातून उपटून नटबोल्टच्या डब्यात ठेवून दिलं. त्यावर पुढे काही बोलणं झालं नाही.

वहिनीचं म्हणणं, आता त्यानं घरी बसावं. आमचं वर्कशॉप हमरस्त्यावर, धानाचे ट्रक मागेपुढे होत असतात, हॉर्न ऐकू न येणाऱ्या माणसानं तिथे गाड्यांखाली झोपू नये. तिचं काही चुकत नव्हतं. माझं म्हणणं मात्र निव्वळ स्वार्थाचं होतं. भाऊ गेला असता तर माझं वर्कशॉप म्हणजे गेट, ग्रिल आणि ट्रॉल्या जोडायचं वेल्डिंगचं दुकान झालं असतं. इंजिन मला उघडता येतं, जोडता येतं, पण कुठलं इंजिन कशानं रुसलंय हे भाऊलाच कळायचं. तेव्हा मी त्याच्या कानाचा विषय काढत नव्हतो आणि वहिनी मला काढायला लावत होती. भाऊजी, तुमी सांगा त्याईले, ती म्हणायची. वहिनी, नवरा तुमचा आहे, मी म्हणायचो. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधली नाही.

शेठ खुशीत परत गेले आणि भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "हे इंजिन बसवतो. नाई बसलं तं पाना खाली ठेवतो अन् घरी बसतो." वहिनी तेव्हा डबा घेऊन आली होती, दारातच उभी होती. भाऊची पाठ फिरल्यावर ती मला म्हणाली, "आता म्या देवाले काय मागू, ते सांगा."

मी तिच्या हातातून डबा घेतला आणि आत ठेवला.

इंजिन चंद्रपूरच्या भंगार बाजारात मिळालं. एका जीपचं होतं, मागून ट्रकनं चेपलेली जीप, पण नाकाला ओरखडा नाही. गिअरबॉक्ससकट बाहेर काढून ठेवलं होतं. भंगारवाल्यानं टायरवर टेकवून, बॅटरी जोडून, डिझेलची नळी कॅनमध्ये सोडून ते तिथेच सुरू करून दाखवलं. सुटं इंजिन जमिनीवर सुरू झालं की अंगात आलेल्या माणसासारखं थरथरतं. भाऊनं लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, त्याचं टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ दातात धरली. बाकीचे मिस्त्री मूठ कानाला लावतात. भंगारवाला हसला. मी कधीतरी भाऊला विचारलं होतं, असं काऊन, तर तो म्हणाला होता, कानात ग्रीस जाते. मी ते खरं मानून चाललो होतो. आवाज दातातून हाडात आणि हाडातून डोक्यात जातो, आणि कान गेलेल्या माणसाला तेवढीच एक वाट उरते, हे मला त्या भंगारात उभं राहून समजलं. मला वाईट वाटलं, आणि त्याची ही युक्ती पाहून हसूही आलं.

डोळे मिटून त्यानं सगळ्या इंजिनाला एक चक्कर मारली. एका जागी परत आला, पुन्हा दात लावले. मग म्हणाला, टर्बो चांगला आहे, एक नोझल बदलावं लागेल. पुढे आम्ही उघडून पाहिलं तेव्हा नोझल खरंच ठिबकत होतं.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ती धावपळ शेठनं अंगावर घेतली. आम्ही जुनं इंजिन साखळीच्या चेनब्लॉकनं उचलून बाहेर काढलं. ते इतकं हलकं निघालं की शेठचा चेहरा उतरला. नवं आत उतरवायला गेलो तर कुठेच बसेना. व्हिडिओत हा भाग पटकन पुढे सरकवलेला असतो. खाली ऑइलचं चेंबर गाडीच्या आडव्या बीमवर टेकत होतं, वर बॉनेट लागत नव्हतं, बाजूला टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन भिडत होता. एका बाजूला सरकवावं तर दुसरीकडे अडे. आमची तऱ्हा भरल्या एसटीत पोतं चढवणाऱ्या माणसासारखी झाली.

भाऊची कामाची रीत खाणीतली. आधी पुठ्ठा, मग पत्रा. इंजिन ज्या कानांवर टेकतं ते माउंट नव्यानं करायचे होते, तर त्यानं फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माउंट केले, ते जागी लावून पाहिले, परत कापले. मी कटर हातात घेऊन उभा. मला पुठ्ठ्याचा कंटाळा येतो. एकदा त्याची नजर चुकवून मी सरळ पत्राच कापला, तो बोटभर कमी पडला, आणि भाऊनं तो तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, आणि भाऊ माझ्याकडे बोट दाखवायचा.

ऑइल चेंबर कापून उथळ केलं आणि जेवढी खोली गेली तेवढी मागे वाढवून घेतली. स्टिअरिंगचा दांडा थोडा वळवला. टर्बोत दाबलेली हवा गरम होते, ती थंड करायला इंटरकूलर लागतो, तो रेडिएटरच्या पुढे बसवला. पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा बदलल्या. गिअरबॉक्स लांब होता, त्यामुळे मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागला, तो चंद्रपूरला लेथवर कापून, तोलून आणला. टर्बोतून निघणारा धुराचा पाइप कुठून न्यायचा यावर आमची कुरकुर झाली. मला तो बाजूनं न्यायचा होता, पण तिकडे चेसिस आडवी येत होती. शेवटी तो शाफ्टच्या शेजारून, पोटाखालून नेला. जागा तिथेच होती.

असं करता करता फाल्गुन लागला. माझ्या हाताखालचा माणूस मोहाची फुलं वेचायला सासुरवाडीला गेला, तिकडे चामोर्शीच्या पुढे, आणि मोह संपेपर्यंत येत नाही म्हणून निरोप आला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. उरलेलं काम आम्ही दोघा भावांनी केलं.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं ते दुपारी. भाऊनं आधी डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतंच स्टार्टरवर फिरवलं, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल चढावं म्हणून. मग खाणीत मोठं यंत्र सुरू करायच्या आधी ओरडतात तसा तो ओरडला, "हटा." तिथे मी, शेठ आणि वहिनी एवढेच होतो, तरी आम्ही हटलो. इंजिन एका दमात लागलं. भाऊनं हळूहळू गॅस दिला तसा टर्बोचा शिट्टीसारखा बारीक आवाज वर चढत गेला. शेठनं चप्पल काढून गाडीला हात जोडले. भाऊ मात्र एक तळवा इनटेकच्या पाइपवर आणि दुसरा रेडिएटरवर ठेवून मागे धुराकडे पाहत होता. ती शिट्टी त्याला ऐकू येत नव्हती, हे वहिनीनं ओळखलं आणि मीही. ती पदरानं तोंड पुसून घरी गेली.

ट्रायल मीच घेतो असं मी म्हणालो होतो. भाऊ काही न बोलता स्टिअरिंगवर जाऊन बसला. पुढचं अंग जड झालेलं, म्हणून मागे वजन हवं, तर डिकीत मिलमधून धानाची पोती टाकली. शेठला यायचं होतं, पण मिलमध्ये ट्रक भरायला लागला होता. परत आणून दारात उभी करा, म्हणाले. आम्ही दोघं सावली गावाच्या रस्त्यानं निघालो. मी भाऊच्या डावीकडे बसलो, म्हणजे त्याच्या गेलेल्या कानाकडे.

गाडी काय पळाली म्हणून सांगू. जी कॉन्टेसा बैलगाडीच्या मागे अडकून पडायची ती आता गॅस दिला की मागून कोणी ढकलल्यासारखी सुटायची. स्टिअरिंग सरळ, गिअर लोण्यासारखे पडत होते, तापमानाचा काटा जागेवर. दोन्हीकडे धान कापून झालेल्या बांध्या आणि मधूनमधून फुललेला पळस. भाऊच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांनी असं हसू पाहिलं. मी मनात म्हटलं, बसलं. आता हा घरी बसत नाही. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात बाहेर काढून उगाच हवेत फिरवला.

एका गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर लाखोरी पसरलेली होती. धानानंतरच्या ओलीवर आमच्याकडे लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, होते, आणि तिचे वेल उपटून वाळवले की लोक ते डांबरी रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची चाकं आपोआप मळणी करून देतात. बाहेरगावचा ड्रायव्हर शिव्या देत बाजूनं गाडी काढतो. इथला माणूस मुद्दाम वरून नेतो, कारण बाजूनं जाणं म्हणजे कुणाच्या घरी जाऊन पाणी न पिता उठण्यासारखं. भाऊनं वेग कमी केला आणि गाडी वरून घेतली.

तिथे दाताळं घेऊन एक बाई उभी होती. तिनं गाडीची रुंद चाकं पाहिली आणि समोर येऊन हात केला. गाडी जड दिसते भाऊ, म्हणाली, दोन-चार फेरे मारून द्या ना, ट्रॅक्टरवाला सकाळपासून येतो म्हणते अन् येत नाई. भाऊला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणी दिलं नसतं. त्यानं गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. मी खाली उतरून बाईबरोबर वेल पलटू लागलो. शेंगा फुटत होत्या, दाणे खाली बसत होते, बाई खूश, भाऊ खूश, मी खूश. जी इंजिनाची ताकद आम्ही घाटासाठी घातली होती ती लाखोरी मळायला कामी आली. फेरे दोन-चारांवर कुठले थांबतात. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी बाईनं तांब्याभर पाणी दिलं, ते पिऊन आम्ही पुढे निघालो.

लाखोरीचा वेल वाळला की सुतळीसारखा चिवट होतो. ट्रॅक्टर उंच असतो, त्याच्या पोटाला तो लागत नाही. कॉन्टेसा बसकी. गाडीच्या पोटाखाली शाफ्ट फिरत होता, त्यानं ते वेल सूत गुंडाळावं तसे गुंडाळून घेतले होते, आणि त्या गुंडीला लागूनच टर्बोतून आलेला तापलेला पाइप होता. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गाव मागे पडलं आणि मला खालून खसखस ऐकू आली. मी म्हणालो, भाऊ, खालून आवाज येऊन राह्यला. भाऊनं मान हलवली आणि गिअर बदलला. त्यानं मान हलवली म्हणजे त्याला माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे म्हणजे काळजीचं कारण नाही. आयुष्यभर मी याच हिशेबानं चालत आलो. थोड्या वेळानं खसखशीची खरखर झाली. मी पुन्हा म्हणालो, काहीतरी घासून राह्यलं. त्यानं पुन्हा मान हलवली, चांगली समजूतदारपणे, आणि गॅस वाढवला. मी गप्प बसलो. मोठा भाऊ दोनदा मान हलवतो तेव्हा तिसऱ्यांदा सांगायचं नसतं.

मग लाखोरी भाजल्याचा वास आला. तो आम्हा दोघांना एकदमच आला असावा, कारण मी हँडब्रेककडे हात नेला तेव्हा भाऊचा पाय ब्रेकवर होता. गिअरच्या दांड्याच्या रबरातून धूर वर येत होता. इंजिन बंद करून बाहेर उड्या मारल्या. वाकून पाहिलं तर पोटाखाली जाळ.

डिझेल होतं म्हणून वाचलो, पेट्रोल असतं तर हे लिहायला मी नसतो. रस्त्याच्या कडेला एक बोडी होती, आटत आलेली, आणि तिच्यात एक माणूस जाळं टाकून मासे धरत होता. त्यानं धूर पाहिला, जवळचा जर्मनचा गंज, अल्युमिनियमचं पातेलंच ते, तसाच पाण्यात बुडवून भरला आणि धावत आला. त्यात त्यानं सकाळपासून धरलेले मासे होते. तो इंजिनावरच पाणी फेकणार तेवढ्यात भाऊ ओरडला, "टर्बोवर नको टाकू, तडकन तो. मागं टाक, शाफ्टवर." पाणी आणि मासे दोन्ही शाफ्टवर गेले. भाऊ गाडीखाली घुसला आणि जळते वेल हातांनी ओढून बाहेर फेकू लागला. मी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढत होतो आणि तो मला लाथा मारत होता. जाळंवाल्यानं आणखी पाणी आणलं, मी डिकीत पोत्यांखाली अंथरलेलं बारदान भिजवून आत कोंबलं. आग विझली.

जाळंवाला रस्त्यावरचे मासे गोळा करू लागला. एक-दोन चांगलेच भाजले होते. हे घेऊन जा तुमी, तो म्हणाला, जेवायचं झालं तुमचं.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पोटाखालचा रंग गेला, मागच्या दिव्यांची वायर जळली, शाफ्टचं रबर गेलं. बाकी काही नाही. ती नीट झाली आणि शेठ आजही तिच्यात बसून सिरोंच्यापर्यंत जाऊन येतात, वाटेत कोणाला पुढे जाऊ देत नाहीत. पण तेव्हा, बोडीच्या पाळीवर बसलो असताना, मला गाडीचं काही सुचत नव्हतं.

भाऊनं दोन्ही हात पाण्यात बुडवून ठेवले होते. तळव्यांवर फोड उठत होते. ते फोड पाहून मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. ज्याच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता त्याच्यासमोर उभा राहून मी ओरडलो, "तुमाले ऐकू आलं नोतं, तं मान काऊन हालवली?"

जाळंवाला दुसरीकडे पाहू लागला. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला वाटलं, तो उठून एक थोबाडीत देईल. ती मी खाल्लीही असती.

"खाणीतून आलो तवापासून हालवून राह्यलो," तो म्हणाला. "तुही वहिनी बोलते, हालवतो. शेठ बोलते, हालवतो. लोकं खूश होतेत."

त्यानं हात पाण्यात आणखी खोल नेले.

"ऐकू येत नाई म्हणून सांगतलं असतं, तं तू मले इंजिनाजवळ येऊ देल्लं असतं का?"

मी बोडीकडे पाहत होतो. त्यानं तोंडानं सांगितल्यावर मला माहीत नसल्याचं सोंग करता आलं नसतं; एवढं वर्कशॉप चालवायचं, लोकांच्या गाड्या, हमरस्ता. मी पाण्याकडे पाहूनच उत्तर दिलं.

"तोंड इकडं कर," भाऊ म्हणाला. "तिकडं पाहून बोलशीन तं मले काय समजन?"

एवढी वर्षं तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा, त्याला आम्ही त्याचा करारीपणा समजत होतो. नवीन गिऱ्हाइकं त्या नजरेला घाबरायची. मी वळलो. बोडीला जे सहज सांगता आलं होतं ते त्याच्या तोंडावर सांगायला जड गेलं, पण सांगितलं. "नसतं देल्लं."

त्याला राग आला नाही. मालूम होतं मले, म्हणाला. मग त्यानं हात पाण्याबाहेर काढले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "चाल. पाना ठेवला म्या."

मला एकदम सगळंच सांगायचं होतं. की इंजिनाला काही झालेलं नाही, इंजिन बसलं, लाखोरी जळाली, इंजिन नाही जळालं. शाफ्टला खालून जाळी लावली की परत असं होणार नाही. की वहिनीला काय सांगायचं ते मी पाहीन. की उद्यापासून आवाज मी ऐकीन आणि कसा आहे ते सांगीन, निदान तुमच्या दातातला स्क्रूड्रायव्हर कुठे टेकवायचा एवढं तरी दाखवीन, पण तुमी घरी बसू नका, मला एकट्याला जमणार नाही. हे सगळं मी एका श्वासात बोलून गेलो, रडत रडत, हात हलवत, अर्धं त्याच्याकडे आणि अर्धं गाडीकडे पाहून.

भाऊनं नीट लक्ष देऊन पाहिलं. माझं बोलून झालं तरी तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला.

"नाई समजलं," तो म्हणाला. "हळू बोल. परत सांग."

मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.